विश्लेषण : कुत्र्याची ‘हार्टवर्म’ चाचणी निगेटिव्ह आली, तरी सहा महिन्यांनी पुन्हा का करतात?

२९ ऑगस्ट २००५ रोजी ‘कॅटरिना’ चक्रीवादळ अमेरिकेतील लुइझियाना राज्याच्या किनाऱ्यावर धडकले आणि न्यू ऑर्लिन्स शहराचा मोठा भाग पाण्याखाली गेला. माणसांची सुटका करताना कुत्र्या-मांजरांना बहुतेक ठिकाणी मागे सोडावे लागले. नंतरच्या आठवड्यांत स्वयंसेवकांनी हजारो प्राणी बाहेर काढले. गोन्झालेस गावातील लमार-डिक्सन प्रदर्शन केंद्रासारख्या तात्पुरत्या निवाऱ्यांत त्यांना ठेवले गेले आणि तिथून ट्रक, विमाने भरभरून देशभरातील निवारा केंद्रांकडे रवाना करण्यात आले. या भागातून सुटका झालेल्या काहीशे कुत्र्यांचे रक्त संशोधकांनी तपासले, तेव्हा जवळपास निम्म्या कुत्र्यांत हार्टवर्म आढळला.

हा रोग वादळाने आणलेला नव्हता. मिसिसिपी नदीच्या दमट, डासांनी भरलेल्या खोऱ्यात तो आधीपासूनच होता. वादळामुळे तो मोजला गेला आणि ट्रकमध्ये बसून कोरड्या, थंड राज्यांपर्यंतही पोहोचला. तेव्हापासून अमेरिकेतील निवारा केंद्रांपुढे एक रोजचा प्रश्न आहे. दारात आलेल्या, कोणताही पूर्वेतिहास माहीत नसलेल्या कुत्र्याच्या रक्ताच्या चार थेंबांवर किती विश्वास ठेवायचा?

हार्टवर्म म्हणजे नेमके काय?

‘डायरोफिलारिया इमिटिस’ या जंताला बोलीभाषेत हार्टवर्म म्हणतात. माणसाला हत्तीरोग देणाऱ्या जंताचा हा दूरचा भाऊबंद. तोही डासांमार्फतच पसरतो. प्रौढ मादी २५ ते ३० सेंटीमीटर लांब असते, नर साधारण निम्मा. शिजवलेल्या शेवयांसारखे दिसणारे हे जंत फुप्फुसाकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्यांत राहतात आणि संख्या वाढली की हृदयाच्या उजव्या कप्प्यापर्यंत पसरतात. कुत्र्याच्या शरीरात ते पाच ते सात वर्षे जगू शकतात. सुरुवातीला कुत्रा ठणठणीत दिसतो. मग थोडे पळाले की खोकला, दम लागणे, वजन घटणे आणि शेवटी पोटात पाणी होणे, अशी घसरण होते.

एका कुत्र्याकडून दुसऱ्याला हा रोग थेट लागत नाही. एकाच पिंजऱ्यात राहून, एका भांड्यात पाणी पिऊन किंवा चाटल्याने काही होत नाही. मध्ये डास लागतोच. बाधित मादीने सोडलेली सूक्ष्म पिल्ले, ज्यांना मायक्रोफिलारिया म्हणतात, कुत्र्याच्या रक्तात फिरत असतात. डासाने रक्त शोषले की ती त्याच्या पोटात जातात. उबदार हवेत १० ते १४ दिवसांत तिथे त्यांची पुढची अवस्था तयार होते आणि डास पुढच्या कुत्र्याला चावला की ती त्याच्या त्वचेतून आत शिरते. हवा साधारण १४ अंश सेल्सिअसपेक्षा थंड असेल तर डासाच्या पोटातली ही वाढ थांबते. अमेरिकेच्या दक्षिणेत हा रोग घरोघरी आणि उत्तरेत तुरळक का, याचे बरेचसे उत्तर या एका आकड्यात आहे.

चाचणी कशी होते?

कोविडच्या काळात घरोघरी वापरलेल्या रॅपिड अँटिजेन किटसारखेच हे किट असते. कुत्र्याच्या रक्ताचे तीन-चार थेंब, एक द्रावण आणि दहा मिनिटांच्या आत निकाल. पशुवैद्यकाला प्रयोगशाळेची गरज नाही, म्हणून निवारा केंद्रांना हे सोयीचे.

मात्र हे किट काय शोधते, ते पाहायला हवे. ते जंत शोधत नाही आणि कुत्र्याच्या शरीराने जंताविरुद्ध तयार केलेली प्रतिपिंडेही शोधत नाही. ते शोधते एक प्रथिन, जे प्रामुख्याने प्रौढ मादी जंताच्या प्रजनन संस्थेतून रक्तात झिरपते. म्हणजे मादी असली पाहिजे, ती वयात आलेली असली पाहिजे आणि तिचे प्रथिन किटला पकडता येईल इतक्या प्रमाणात रक्तात मोकळे असले पाहिजे. तिन्ही अटी पूर्ण झाल्या तरच रेघ उमटते. कुत्र्यात फक्त नर जंत असतील तर किट गप्प बसते. एखादीच मादी असेल तर कधी सापडते, कधी नाही.

यासोबत दुसरी, जुनी चाचणीही करावी असे अमेरिकन हार्टवर्म सोसायटी सांगते. त्यात रक्तातील मायक्रोफिलारिया सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ताज्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर ठेवला की तांबड्या पेशींना ढकलत वळवळणारी पिल्ले दिसतात. ती कमी असतील तर ‘नॉट’ पद्धत वापरतात. एक मिलीलिटर रक्त नऊ मिलीलिटर सौम्य फॉर्मेलिनमध्ये मिसळायचे, यंत्रात फिरवायचे आणि तळाशी बसलेला गाळ रंगवून पाहायचा. किटपेक्षा ही पद्धत किचकट आणि वेळखाऊ आहे. पण कुत्रा डासांमार्फत इतरांना रोग देऊ शकतो का, हे तीच सांगते. अँटिजेन चाचणी हुकलेल्या काही कुत्र्यांचा रोगही तिच्यामुळे उघड होतो.

मग निगेटिव्ह निकालाचा अर्थ काय?

याचे उत्तर दिनदर्शिकेत आहे. डास चावल्यावर आत शिरलेली अळी लगेच हृदयाकडे जात नाही. ती आधी त्वचेखाली आणि स्नायूंत वाढते. फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत पोहोचायलाच तिला साधारण ७० ते १२० दिवस लागतात. तिथे ती मोठी होते, जोडी जमते आणि रक्तात पिल्ले दिसायला सहा ते नऊ महिने उजाडतात. अँटिजेन किटला काही सापडायलाही किमान पाच महिने, बहुतेकदा सहा ते सात महिने जावे लागतात.

समजा, ह्यूस्टनमधील एखाद्या कुत्र्याला जूनमध्ये बाधित डास चावला. ऑगस्टमध्ये तो निवारा केंद्रात आला, चाचणी झाली, निकाल निगेटिव्ह. सप्टेंबरमध्ये एका कुटुंबाने त्याला दत्तक घेतले. पुढच्या जानेवारीत त्याच कुत्र्याच्या रक्तात रेघ उमटू शकते. कुटुंबाला वाटते, केंद्राने फसवले किंवा आपल्या अंगणातल्या डासांनी घात केला. प्रत्यक्षात ऑगस्टचा निकाल चुकीचा नव्हता. तो फेब्रुवारी-मार्चपर्यंतचा हिशेब सांगत होता. त्यानंतर चावलेल्या डासांबद्दल त्याला काही माहीत असणे शक्यच नव्हते.

पाळलेल्या कुत्र्याच्या बाबतीत मालकाला विचारता येते की दर महिन्याला गोळी दिली होती का, मागची चाचणी कधी झाली. रस्त्यावरून उचललेल्या किंवा दाराशी बांधून गेलेल्या कुत्र्याबाबत विचारणार कोणाला? त्यामुळे केंद्रात आल्यावर एक आणि सहा महिन्यांनी दुसरी, अशा दोन चाचण्यांची शिफारस आहे. दुसरी चाचणी बहुतेकदा दत्तक घेणाऱ्याच्या हाती असते आणि तिथेच ती राहून जाते. कुत्रा खेळतो, खातो, मग कशाला सुई टोचायची, असा विचार सहज होतो.

उलट बाजूने एक बचतही आहे. सात महिन्यांपेक्षा लहान पिल्लाची चाचणी करण्यात अर्थच नाही. जन्मल्या दिवशी डास चावला असला तरी त्याच्या रक्तात काही सापडण्याइतका वेळ गेलेला नसतो. त्याला प्रतिबंधक औषध सुरू करायचे आणि किट मोठ्या कुत्र्यासाठी राखून ठेवायचे.

निगेटिव्हमागे आणखी एक अडचण असते. काही कुत्र्यांच्या रक्तात जंताचे प्रथिन भरपूर असते, पण कुत्र्याच्या स्वतःच्या प्रतिपिंडांनी त्याला असे वेढलेले असते की किटला ते दिसतच नाही. यावर संशोधकांनी शोधलेला उपाय स्वयंपाकघरातला वाटावा असा आहे. रक्ताचा द्रव भाग १०४ अंशांवर दहा मिनिटे तापवायचा. उष्णतेने प्रतिपिंडे मोडतात, प्रथिन मोकळे होते आणि मग तीच चाचणी पॉझिटिव्ह येते. अमेरिकेच्या आग्नेय भागातील निवारा केंद्रांच्या नमुन्यांवर हा प्रयोग झाला तेव्हा आधी निगेटिव्ह असलेले काही नमुने तापवल्यावर पॉझिटिव्ह झाले. तरीही प्रत्येक नमुना तापवण्याची शिफारस नाही. लक्षणे आहेत, किंवा पिल्ले दिसत आहेत पण किट गप्प आहे, अशा वेळीच हा मार्ग वापरतात.

पॉझिटिव्ह निकाल तरी पक्का असतो का?

तो कुत्रा कुठून आला यावर हे अवलंबून आहे. गणित सोपे आहे. समजा, एक किट १०० बाधित कुत्र्यांपैकी ९५ बरोबर पकडते आणि १०० निरोगी कुत्र्यांपैकी एकाला चुकून बाधित ठरवते. मिसिसिपी खोऱ्यासारख्या भागातील एका केंद्रात १००० कुत्रे आहेत आणि त्यांपैकी ३०० खरोखर बाधित आहेत, असे धरू. किट २८५ जणांना पकडेल, १५ सुटतील आणि ७०० निरोगी कुत्र्यांपैकी ७ जणांवर खोटा शिक्का बसेल. म्हणजे २९२ पॉझिटिव्ह निकालांपैकी २८५ खरे.

आता तेच किट रोग तुरळक असलेल्या एखाद्या डोंगराळ राज्यात नेऊ. १००० कुत्र्यांत बाधित फक्त पाच. किट त्या पाचही जणांना पकडेल असे धरले, तरी ९९५ निरोगी कुत्र्यांपैकी सुमारे १० जणांना ते चुकून बाधित ठरवेल. म्हणजे १५ पॉझिटिव्हपैकी १० खोटे! किटमध्ये काहीही बदललेले नाही, फक्त गाव बदलले. (हे आकडे गणित समजण्यापुरते आहेत, चांगली किट निरोगी कुत्र्यांच्या बाबतीत याहूनही कमी चुकतात.) म्हणून पॉझिटिव्ह आलेल्या कुत्र्याचे नवे रक्त घेऊन, दुसऱ्या कंपनीच्या किटवर पुन्हा तपासणी करायची आणि मगच उपचार ठरवायचे, असा नियम आहे.

त्या शिक्क्याची किंमत मोठी असल्याने ही काळजी घ्यावीच लागते. निधी आणि जागा दोन्ही अपुरे असलेल्या केंद्रात ‘हार्टवर्म पॉझिटिव्ह’ ही पाटी लागलेला कुत्रा महिनोन्‌महिने पिंजऱ्यात पडून राहतो. त्याला कोणी घरी नेत नाही आणि जागा भरली की दयामरणाच्या यादीत त्याचे नाव आधी येते.

उपचार इतके लांबतात कसे?

रोग बरा होतो, पण सावकाश. आधी अळ्या मारणारे मासिक औषध आणि २८ दिवस डॉक्सिसायक्लिन. हे साधे प्रतिजैविक जंतावर थेट काम करत नाही. हार्टवर्मच्या शरीरात ‘वोल्बाकिया’ नावाचे जिवाणू असतात आणि जंताला त्यांच्यावाचून चालत नाही. डॉक्सिसायक्लिन त्या जिवाणूंना मारते, जंत अशक्त होतो. मग प्रौढ जंत मारणारे मेलार्सोमिन हे आर्सेनिकवर आधारित औषध कमरेच्या खोल स्नायूत टोचतात. पहिले इंजेक्शन ६०व्या दिवशी, दुसरे ९०व्या आणि तिसरे ९१व्या. तीन इंजेक्शनांत सुमारे ९८ टक्के जंत मरतात.

खरा धोका त्यानंतर असतो. मेलेल्या जंतांचे तुकडे फुप्फुसाच्या रक्तवाहिन्यांत अडकतात. कुत्रा त्या काळात धावला, उड्या मारल्या तर रक्तप्रवाह वाढून जीव जाऊ शकतो. शेवटच्या इंजेक्शननंतर सहा ते आठ आठवडे त्याला बांधून किंवा पिंजऱ्यात शांत ठेवावे लागते. शंभर कुत्रे भुंकत असलेल्या केंद्रात तरण्या कुत्र्याला शांत ठेवणे जवळपास अशक्यच. त्यामुळे अनेक केंद्रे आता उपचार सुरू असतानाच कुत्रा एखाद्या घरी सांभाळायला देतात. उपचाराचा खर्च आणि इंजेक्शने केंद्राची, घर आणि शांतता त्या कुटुंबाची. पिंजरा रिकामा होतो, दयामरण टळते. दक्षिणेतील केंद्रांसाठी यापेक्षा शहाणी तडजोड सध्या तरी दिसत नाही. जंत पूर्ण गेले का, हे शेवटच्या इंजेक्शननंतर नऊ महिन्यांनी पुन्हा अँटिजेन चाचणी करून पाहतात.

प्रतिबंध मात्र स्वस्त आहे. महिन्यातून एकदा आयव्हरमेक्टिनसारखे औषध दिले की पुरते. हे नाव भारतीयांना कोविडकाळात ओळखीचे झाले. ज्या शोधातून ते आले, त्यासाठी विल्यम कॅम्पबेल आणि सातोशी ओमुरा यांना २०१५ मध्ये वैद्यकशास्त्राचे नोबेल मिळाले. अमेरिकेत कुत्र्यांसाठी हे मासिक औषध १९८७ पासून आहे. बहुतेकांचा समज असतो की गोळी पुढच्या महिन्याचे संरक्षण करते. ती खरे तर मागे वळून काम करते. गेल्या महिनाभरात शिरलेल्या कोवळ्या अळ्या ती मारते. अळी दोन महिन्यांपेक्षा मोठी झाली की ती या गोळीच्या आवाक्याबाहेर जाऊ लागते. वरच्या उदाहरणातील जूनची अळी ऑगस्टच्या गोळीने मरेलच असे नाही, ते यामुळेच. त्यात मिसिसिपीच्या खालच्या खोऱ्यात या औषधांना दाद न देणारे जंतही आता आढळले आहेत.

कुत्रे राज्याबाहेर पाठवताना काय होते?

अमेरिकेच्या दक्षिणेत कुत्रे जास्त आणि दत्तक घेणारी घरे कमी. उत्तरेत आणि पश्चिमेत उलट. त्यामुळे दरवर्षी मोठ्या संख्येने कुत्रे ट्रक-विमानांनी इकडून तिकडे जातात. एकट्या कोलोरॅडो राज्यात २०१३ ते २०१७ या काळात एक लाखाहून अधिक कुत्रे बाहेरून आले आणि त्याच काळात तिथल्या हार्टवर्मचे प्रमाण सुमारे ६७ टक्क्यांनी वाढले, असे २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळले. मूळ प्रमाण फार कमी होते, त्यामुळे वाढीचा आकडा ऐकायला मोठा वाटतो. शिवाय रोग फक्त पाहुण्या कुत्र्यांतच होता की स्थानिक डासांनी तो पुढे नेला, हे या दोन आकड्यांवरून कळत नाही. इशारा मात्र पुरेसा होता.

अमेरिकन हार्टवर्म सोसायटी आणि निवारा केंद्रांच्या पशुवैद्यकांच्या संघटनेने यासाठी मार्गदर्शक सूचना काढल्या आहेत. ट्रकमध्ये चढवण्याआधी चाचणी करायची. पॉझिटिव्ह असेल तर शक्यतो उपचार संपेपर्यंत थांबायचे. पाठवावेच लागले तर आधी रक्तातील मायक्रोफिलारिया औषधाने कमी करायचे आणि डास बसणार नाहीत असे औषध अंगावर लावायचे. निगेटिव्ह कुत्र्यांनाही प्रतिबंधक औषध द्यायचे. न्यू जर्सी किंवा बोस्टन परिसरात राहणाऱ्या मराठी कुटुंबांना दत्तक मिळणारा कुत्रा अनेकदा असाच दक्षिणेतून आलेला असतो. त्याच्या कागदपत्रांवर चाचणीचा निकाल आणि तिची तारीख, दोन्ही पाहावे लागते.

महाराष्ट्रात हा रोग आहे का?

भारतात हार्टवर्मच्या नोंदी प्रामुख्याने आसाम, मिझोराम अशा ईशान्येकडील राज्यांतून आहेत. मुंबईतील भटक्या कुत्र्यांच्या रक्तात सापडतो तो त्याचा चुलतभाऊ, ‘डायरोफिलारिया रिपेन्स’. हाही डासांमार्फतच पसरतो. पण तो हृदयात न जाता त्वचेखाली राहतो. केरळमध्ये माणसांच्या डोळ्यांतून तो काढावा लागल्याच्या अनेक नोंदी आहेत. तिसरा जंत ‘अकँथोकायलोनिमा रेकॉन्डिटम’. तो पिसवांमुळे होतो आणि कुत्र्याला फारसा त्रास देत नाही.

तिघांचीही पिल्ले रक्तात वळवळताना सारखीच दिसतात. त्यामुळे इथे एखाद्या दवाखान्यात काचपट्टीवर मायक्रोफिलारिया दिसले, तर तो हार्टवर्मच असे म्हणता येत नाही. पिल्लाची लांबी आणि डोक्या-शेपटीचा आकार मोजून, किंवा जनुकीय चाचणी करून प्रकार ठरवावा लागतो. हार्टवर्मचे जालीम औषध पिसवांच्या निरुपद्रवी जंतासाठी कोणी टोचू नये, म्हणून हा खटाटोप.

भटक्या कुत्र्यांबाबत सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये दिलेल्या आदेशानंतर निर्बीजीकरण, लसीकरण आणि जंतनिर्मूलन हे तीन शब्द एकत्र ऐकू येऊ लागले आहेत. त्यातील जंतनिर्मूलन म्हणजे नेहमीची जंताची गोळी. ती आतड्यातील जंतांसाठी असते. प्राझिक्वांटेल आणि पायरेंटेल असलेल्या त्या गोळीचा रक्तवाहिन्यांत बसलेल्या हार्टवर्मवर काहीही परिणाम होत नाही. ईशान्य भारतातून किंवा अमेरिकेतून आणलेला कुत्रा मुंबई-पुण्यात येत असेल, तर त्याची जंताची गोळी झाली आहे एवढ्यावर थांबता येत नाही. अँटिजेन किट आणि नॉट पद्धत, दोन्ही चाचण्या आल्यावर एकदा आणि सहा महिन्यांनी पुन्हा कराव्या लागतात. मुंबईत डास बाराही महिने असल्यामुळे ही दुसरी तारीख पुढे ढकलता येईल असा मोसमही इथे नाही.